लसणाच्या काढ्यानं महाधमनीतली गाठ विरघळते? नाही विरघळत, भाऊ

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. लसूण, आलं, लिंबू, मध आणि सफरचंदाचा सिरका यांचा काढा उपाशीपोटी प्या, महाधमनीतली, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीतली, रक्ताची गाठ आठ दिवसांत विरघळेल. गोळ्या बंद करा, पाय गार पडला तर गरम तेलानं चोळा, ऑपरेशन म्हणजे पैसे काढायचा धंदा, असंही त्यात आहे.

आधी काढ्याचं पाहू. गाठ धरून ठेवते ती फायब्रिन या प्रथिनाची जाळी. ती तोडणारी औषधं आहेत; स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज ही त्यातलीच. पण ती शिरेतून किंवा नळीनं थेट गाठीपाशी द्यावी लागतात, कारण गिळली तर पोटातच पचून जातील. शिवाय त्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टर दहादा विचार करून देतात. लसणानं रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, थोड्याफार कमी चिकटतात, हे खरं. पण त्यानं तयार गाठ विरघळत नाही. भाजीत खुशाल घाला.

गोळ्या बंद करण्याचं मात्र गंभीर आहे. ‘महिनाभर गोळ्या खाल्ल्या, गाठ तशीच,’ ही तक्रार आपण ऐकतो. हेपॅरिनचं इंजेक्शन असो की वॉरफॅरिनची गोळी, ती गाठ विरघळवत नाहीत. गाठ वाढू नये, नवी धरू नये, एवढंच त्यांचं काम. उरलेली सफाई शरीर सावकाश करतं. वॉरफॅरिनवर असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासावा लागतो, बहुतेकांचा तो 2 ते 3 च्या मध्ये ठेवतात. त्यात रोज लसणाचा काढा भरला तर हिरड्यांतून रक्त येणं, शौच डांबरासारखी काळी होणं, असे प्रकार होऊ शकतात. आणि गोळी मनानं सोडली तर पुन्हा गाठ धरते.

आता तेल चोळण्याचं. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. महाधमनी बेंबीच्या आसपास दोन फाट्यांत विभागते. हृदयातून किंवा वरून सुटलेला गाठीचा तुकडा तिथं अडकला तर दोन्ही पायांचं रक्त अडतं, खाली सरकला तर एकाचं. पाय एकाएकी ठणकतो, पांढरा पडतो, गार लागतो, पावलावरची नाडी लागत नाही. मग मुंग्या येतात, बोटं हलेनाशी होतात. साधारण 6 तासांच्या आत रक्त सुरू झालं तर पाय वाचण्याची आशा चांगली. जांघेत छोटा छेद देऊन बारीक नळी गाठीच्या पलीकडे सरकवतात, तिच्या टोकाचा फुगा फुगवतात आणि गाठीसकट ओढून घेतात. अमेरिकन सर्जन थॉमस फोगार्टी यांनी 1960 च्या दशकात आणलेली ही युक्ती आजही वापरात आहे. गडचिरोलीहून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. त्याच जिल्ह्यातलं भामरागड त्याहून कितीतरी आत, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तोही रस्ता बंद. त्यात अर्धा दिवस तेल चोळण्यात गेला, तर उरलं काय? बधिर पायाला शेकलं तर चटका बसलेलाही कळत नाही.

राहिला ‘धंदा’. बिलं पाहून लोकांना संशय येतो, तो काही अगदीच हवेतला नाही. पण प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागतं, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पोटातली महाधमनी फुगली आणि आतल्या भिंतीला गाठ धरली, तर सोनोग्राफीनं लक्ष ठेवतात; पुरुषांमध्ये फुगवटा साधारण 5.5 सेंटिमीटर झाला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. खर्चाचं म्हणाल, तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती देणारा माणूस, बसतो. योजनेत हा उपचार बसतो का, ते त्याला विचारा.

गंमत म्हणजे मेसेजमध्ये पाच पदार्थ आहेत, पण बिडी सोडा, तंबाखूचा खर्रा सोडा, असा एक शब्द नाही.

पाय असा गार पडला तर 108 लावा. दुखणं किती वाजता सुरू झालं ते सांगा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.