‘रिकामटेकडे’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

रस्ता रुंद करायला आमच्या गल्लीतला जुना वड हटवायची नोटीस त्याच्या खोडावर लागलीय; तो वाचवायच्या आंदोलनावरच्या माझ्या पोस्टखाली एका वाचकांनी लांबलचक कमेंट टाकलीय. म्हणणं थोडक्यात असं की रस्ता रुंद व्हायलाच हवा, झाडाचं पुनर्रोपण होणारच आहे, पावसात फांदी पडून कोणी गेलं तर जबाबदार कोण, आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देते: "ताई, कामधंदा नसलेले रिकामटेकडेच झाडाला मिठ्या मारायला येतात."

दादा, आधी ह्या शेवटच्या वाक्याचंच बोलू. ताई म्हणायचं आणि त्याच दमात असं बोलायचं, ही कुठली पद्धत? आंदोलनाच्या सकाळी वडाच्या पारावर कोण होतं ते बघायला तरी आला होतात का तुम्ही? दुधाची लाइन टाकून थेट आलेला पोरगा होता, नाइट ड्युटी करून न झोपता आलेली नर्स होती, समोरच्या चाळीतल्या ऐंशी पार केलेल्या आजी होत्या ज्यांना जिना उतरायला दोन माणसं लागतात, त्यांनी खुर्ची नको म्हटलं आणि खोडाला पाठ लावून बसल्या त्या पार दुपारपर्यंत. हे रिकामटेकडे?

माझं विचाराल तर पहाटे उठून डबे करून मी लोकल पकडते, संध्याकाळी परत स्वयंपाक. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर, ड्युटीवरून आले की घरात शिरायच्या आधी ह्याच पारावर बूट काढून बसायचे. आईची लग्नानंतरची एकही वटपौर्णिमा दुसऱ्या झाडाला झाली नाही. तिसरीत असताना ह्याच्या पारंबीवरून पडून माझा हात मोडला, मनगटावरचं ते हाड अजून वर आलेलं लागतं हाताला. तेव्हा हे झाड आमचं कोण लागतं ते आम्हाला कोणी शिकवू नये.

आणि मिठ्या मारण्याचं म्हणता, तर 1974 मध्ये चिपको आंदोलनात उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरादेवींबरोबर ज्या बायका झाडांसाठी उभ्या राहिल्या त्यांना घरी गुरंढोरं, शेती, पोरंबाळं नव्हती? मुंबईत आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या, लोक धावले, 29 जणांना अटक झाली, त्यात शिकणारी मुलं होती. सुप्रीम कोर्टाने 7 तारखेला थांबवलं तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती. ती मुलं टाइमपास करायला गेली होती असं त्यांच्या आईबापांसमोर म्हणून दाखवा.

रस्त्याचं म्हणाल तर संध्याकाळी त्या वळणावर बस अडकते हे मान्य, मीही त्याच बसमध्ये असते. पण मिरज तालुक्यातल्या भोसे गावात सुमारे चारशे वर्षांच्या वडासाठी 2020 मध्ये रत्नागिरी-नागपूर हायवेची आखणी बदलली, मग आपली एक गल्ली वळवता येत नाही? 2021 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या झाडं जपायच्या कायद्याने 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज, आपला वड त्यात सहज बसतो. पुनर्रोपणावर काय बोलायचं, कुंडी हलवल्यासारखं बोलताय तुम्ही.

आता फांदी. बुंध्याला टेकवून काँक्रीट ओतलंय, वर पेव्हर ब्लॉक, आणि केबलसाठी खणताना मांडीएवढं मूळ सपाट कापलंय, कापलेली जागा काळी पडलेली अजून दिसते. मुळांना हवापाणीच मिळालं नाही तर झाड कमकुवत होणारच. नीट छाटणी करा, अळं मोकळं करा, हे मी पोस्टमध्ये लिहिलंय, तुम्ही तिथवर वाचलं नसणार.

नोटीस अजून खोडावर आहे. झाड नकोच असेल तर तुम्हीही स्वतःच्या नावाने वॉर्ड ऑफिसला लिहून द्या, तो तुमचा हक्क आहे. इथे माझ्याशी भांडा, उत्तर देईन. पण त्या आजींना किंवा त्या नर्सला परत काही बोललात तर कमेंट सरळ उडवेन.