दम दिल्याने पाढे पाठ होत नाहीत

"भीतीने अ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि शिकलेलं पक्कं होतं, हे उंदरांवर सिद्ध झालंय. म्हणून मुलांना अभ्यासाला बसवताना आणि पेपरला पाठवताना सणसणीत दम द्या. शिवाय मेंदूला सेरोटोनिन मिळावं म्हणून केळं, आणि डोपामिन सुटून गणित पाठ व्हावं म्हणून रोज चॉकलेट द्या." हे फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन थडकलंय आणि चौथीतल्या भाचीच्या आईने त्याला अंगठाही दिलाय. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

जेवढं खरं, तेवढं नाइलाजाने मान्य. १९७५ साली गोल्ड आणि व्हॅन बस्कर्क या संशोधकांनी उंदरांना अ‍ॅड्रेनालिन टोचलं आणि त्यांची आठवण पक्की झाली. पण टोचलं ते शिकून झाल्यावर, लगेच. उशीर केला की उपयोग शून्य, आणि डोस फार वाढवला की आठवण उलट बिघडते. 'नंतर' आणि 'थोडं' हे दोन्ही शब्द फॉरवर्डवाल्याने गिळले.

बरं, उंदीर शिकला काय? पेटीला दोन कप्पे, एक उजेडाचा, एक अंधारा. उंदीर सवयीने अंधारात शिरतो, तिथे पायाला विजेचा झटका बसतो. दुसऱ्या दिवशी आत जायला तो किती सेकंद कचरतो, ते मोजायचं. म्हणजे पक्कं काय झालं, तर 'इथे झटका बसतो' एवढंच. सातच्या पाढ्याला कानफटात बसली तर पोर कानफटातच लक्षात ठेवेल.

पेपरला निघताना दम देण्याचा सल्ला तर कहर आहे. द क्वेर्व्हेन, रोझेंडाल आणि मॅगॉ यांचा १९९८चा, 'नेचर' या विज्ञानपत्रिकेतला प्रयोग बघा. टाकीत पाण्याखाली दडवलेल्या चौथऱ्याची जागा उंदरांना शिकवली. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या ३० मिनिटं आधी झटका दिला, तर शिकलेली जागा त्यांना धड आठवेना. २ मिनिटं किंवा ४ तास आधी दिला, तर फरक नाही. कारण कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढायला वेळ लागतो, आणि चार तासांत ते उतरलेलं असतं. ते तयारच होऊ न देणारं मेटिरॅपोन हे औषध आधी दिलं, तर झटका बसूनही आठवण शाबूत. माणसात हेच काम कॉर्टिसॉल करतं. घरून ओरडा खाऊन निघालेल्या पोराच्या हातात पेपर साधारण कधी पडतो, हिशेब करा. (मग चार तास आधी ओरडू का, असं कृपया विचारू नका.)

फॉरवर्डमधलं उरलेलं किरकोळ. केळ्यात सेरोटोनिन (मेंदूतही काम करणारं एक रसायन) असतं, खरंय, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. आणि चॉकलेटचं डोपामिन? मेंदू-संशोधक शुल्ट्झच्या प्रयोगातल्या माकडांत मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी अनपेक्षित रसाला चेकाळायच्या. रस ठरल्यासारखा मिळू लागला की त्याला गप्प, फक्त रस येणार हे सांगणाऱ्या आधीच्या खुणेला जाग्या. रोजच्या ठरलेल्या चॉकलेटने गणित पाठ होईल ही आशा सोडा.