सात मणी उशीर

आमच्या सांगलीच्या घराच्या पायरीवर एक मांजर बसलं होतं आणि ते म्हणालं, "काकू, उद्या सुट्टं ठेवा बगा, पाचशेची नोट नगं."

मी पुण्यात. सकाळचे साडेसहा, दात घासत घासत मोबाईलवर आईच्या पोर्चचा कॅमेरा बघत होतो. फेस स्क्रीनवर उडाला. मांजराने शांतपणे पायरीवरचं सांडलेलं दूध चाटलं आणि वर "चला, येतो" म्हणालं. मग एक सायकलची घंटी वाजली आणि सायकल कुठेच नव्हती.

आता यात भुताटकी काही नव्हती. दूधवाला बोलून गेटबाहेर पडला होता, मांजर त्याच्या जागेवर आलं होतं आणि दूधवाल्याचा आवाज सात सेकंद मागून रमतगमत पुण्याला पोचत होता.

कॅमेरा घ्यायचं कारण म्हणजे आई एकटी असते आणि ती कुणालाही दार उघडते. नुसतं उघडत नाही, बसवते, चहा करते, मग विचारते कोण तुम्ही. त्यात गल्लीतल्या दोन गाड्यांतलं पेट्रोल चोरीला गेलं म्हणून मी अडीच हजारांचा वायफाय कॅमेरा पोर्चमध्ये लावून आलो. खोक्यावर लिहिलं होतं दोन्हीकडून बोलता येतं. येतं ना, बोलता येतं, पण संभाषण होत नाही. चित्र सेकंदभर मागे, आवाज सात सेकंद मागे, आणि मी इकडून बोललो तर तेही तिकडे सात सेकंदांनी. वर माझाच आवाज पोर्चमधल्या माईकमध्ये शिरून परत माझ्याकडे यायचा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "हॅलो, ऐकू येतंय का?" बराच वेळ काही नाही. मग मोबाईलमधून कुणीतरी विचारलं, "हॅलो, ऐकू येतंय का?" मी म्हणालो, "हो हो, येतंय!" बायको आतून म्हणाली, स्वतःशी बोलतोयस. आणि हे तिला आधीच कळलेलं होतं, हे जास्त लागलं.

आईने मात्र यावर दुसऱ्याच दिवशी तोडगा काढला. तिच्या हातात दुपारी जपमाळ असतेच. ती बोलायची आणि मणी ओढायला लागायची. "तुझं उत्तर यायला सात मणी लागतात रे," म्हणाली. एक मणी साधारण दोन सेकंद, म्हणजे जायला सात यायला सात, चौदा सेकंद, बरोब्बर! नंतर तर ती रोजचा रिपोर्टच द्यायला लागली, सकाळी पाच मणी होतं, दुपारी सात, संध्याकाळी मॅच सुरू झाली की गल्लीतले सगळे मोबाईलवर, मग अकरा. मी इकडे स्पीड टेस्टची तीन तीन ऍप टाकून बसलेलो आणि प्रत्येक ऍप वेगळा आकडा सांगायचं. आईचा मणी कधी चुकला नाही.

तरी हे सगळं चाललं असतं. पातेल्याचं प्रकरण झालं आणि मी हादरलो.

होळीच्या आदल्या दिवशी बघतो तर गेटात भंगारवाला, आणि आईच्या हातात आजीचं पितळी पातेलं. ते पातेलं म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात जड आणि सगळ्यात जुनं माणूस. मी माईकचं बटण दाबून ओरडलो, "आई, पातेलं अजिबात देऊ नकोस! फुकट न्यायला टपलेत नुसते! एकदा गेलं की परत यायचं नाही!" तिकडे आईने भंगारवाल्याला रद्दी दाखवली, त्याने नको म्हणून मान हलवली आणि तो गेला, पातेल्याचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. ते आईने शेजारच्या काकूंसाठी काढलं होतं, पुरण शिजवायला. काकू हसत हसत पोर्चमध्ये आल्या, त्यांनी पातेल्याला हात लावला आणि वरून छपरातून माझा आवाज कोसळला.

मला चित्रात फक्त काकूंचं तोंड वर झालेलं दिसलं. मग पातेलं खाली ठेवलेलं दिसलं. त्या होळीला त्यांच्याकडून पुरणपोळ्या आल्या नाहीत, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आई म्हणाली, बाळा, तू पुण्यातनं पेट्रोल वाचव, माझी माणसं नको तोडू.

मग मी दुरुस्तीच्या मागे लागलो.

कस्टमर केअरचा मुलगा अतिशय गोड बोलायचा. सर, ऍप डिलीट करून परत टाका. टाकलं. सर, कॅमेरा बंद करून चालू करा. केला. सर, आता रीसेट करावा लागेल, कॅमेऱ्याला बारीक भोक आहे त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबून ठेवा. कॅमेरा आठ फुटांवर, आई पंचाहत्तरची, मी पुण्यात. शेवटी दूधवाल्याला स्टुलावर चढवलं, आईने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली आणि खालून पाच मणी मोजले. कॅमेरा रीसेट झाला. झाला म्हणजे इतका झाला की तो आमचं वायफाय, पासवर्ड, मला, सगळ्यांना विसरला, आणि पुढचे चार दिवस ना आवाज ना चित्र. त्या मुलाचा फोन आला, सर, आवाजाचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला का? आता याला काय सांगणार!

गावातल्या कॅमेरेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सायेब, कॅमेऱ्याचा आवाज कोण ऐकतंय? आमी तर बंदच ठिवतो." याच्या हिशेबाने मूकपट गेले ते वाईटच झालं.

शेवटी भाच्याला धरला. तो वालचंदला इंजिनियरिंगला आहे, आईच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं, म्हणजे भडंग खायला येतोच. तो म्हणाला मामा, सांगली ते पुणे २३० किलोमीटर, फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा या अंतराला मिलिसेकंदाच्या आसपास लागतं. उरलेले सात सेकंद तुमचे घरातच जातायत. सात सेकंदांत रेडिओलहर चंद्रावर दोनदा जाऊन येते म्हणे, आणि आमच्या आईचा आवाज पोर्चमधून हॉल ओलांडेना.

मला लहानपणीचे कुवेतचे फोन आठवले. काका तिकडे होता, फोन उपग्रहावरून यायचा, छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढाच खाली, एका बाजूला पाव सेकंद. तेवढ्यातसुद्धा आजी आणि काका एकाच वेळी "हॅलो" म्हणायचे, मग दोघंही गप्प, मग परत दोघंही "हॅलो", मिनिटाचे पैसे त्यातच जायचे. पाव सेकंदात ही गत, इथे सात.

आवाज मागे पडण्याची तशी आपल्याला सवय आहे. कृष्णेच्या घाटावर उभं राहिलं की पलीकडे सांगलवाडीच्या काठावर धुणं आपटलेलं आधी दिसतं आणि धप्प नंतर ऐकू येतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने तर टीव्हीसाठी याचे आकडे काढून ठेवलेत, आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंदांच्या आसपास गेला की माणसाच्या लक्षात येतं, पण पुढे धावला तर ४५ मध्येच. उशीर आपण खपवून घेतो, आगाऊपणा नाही, तेही बरोबरच आहे म्हणा. पण आमचा आवाज, चित्राचा एक सेकंद वजा केला तरी, सहा हजार मिलिसेकंद मागे, तो त्या टेबलात कुठे बसवायचा?

भाच्याने जे समजावलं ते मला कळलं तसं सांगतो. कॅमेरा आवाजाची छोटी छोटी पाकिटं करून पाठवतो. वायफाय कमजोर असेल तर मधलं एखादं पाकीट हरवतं, मग ते परत मागवायचं आणि ते येईपर्यंत मागची सगळी रांगेत उभी, रेशनच्या दुकानात एकाचा अंगठा लागत नाही म्हणून अख्खी गल्ली ताटकळते तसं. चित्र या रांगेतून सुटतं कारण ते चार फ्रेमा गाळून पुढे उडी मारतं, बघणाऱ्याला कळतही नाही. आवाज मात्र हा कॅमेरा गाळत नाही. आवाज म्हणजे नात्यातले ते एक आप्पा असतात ना, गोष्ट सांगताना मध्ये कुणी उठून गेलं, लाईट गेले, जेवणाची पानं मांडली, तरी जिथे होते तिथूनच पुढे सुरू करणार आणि ते लग्न मिरजेला झालं का जयसिंगपूरला हे ठरल्याशिवाय पुढे सरकणार नाहीत. एकदा दोन सेकंद मागे पडला की मागेच, मग अजून दोन, मग अजून. ऍप बंद करून उघडलं की तेवढ्यापुरता ताळ्यावर येतो.

"आजी, राऊटर कुठाय?" भाच्याने विचारलं. आई म्हणाली, "आहे की, नीट झाकून ठेवलाय."

हे ऐकलं आणि मी शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडली. पाच तास.

राऊटर फ्रिजच्या मागच्या कोनाड्यात होता. त्याच्यावर आईने स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर, कारण त्याचे दिवे रात्री डोळ्यावर येतात. कव्हरवर स्टीलचं ताट, धूळ बसू नये म्हणून. ताटावर नारळ, कारण जागा होती. आणि पुढे ओळीने स्टीलचे पाच डबे, चिवडा, भडंग, लाडू, रिकामा, आणि एकात जुनी लाईट बिलं. बाजूला फ्रिजची पत्र्याची भिंत. एवढ्यातून जो काही सिग्नल बाहेर पडत होता त्याचं मला खरं तर कौतुक वाटलं.

भाच्याने पोर्चमध्ये उभं राहून मोबाईलवर वायफायचा सिग्नल मोजला, उणे ८२. मी डबे हलवले, नारळ हलवला, राऊटर तीन फूट सरकवून खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला. उणे ५८. आई म्हणाली, "ब्याऐंशीचं अठ्ठावन्न झालं, म्हणजे कमीच झालं की." भाचा म्हणाला, आजी, उणे कमी झालं म्हणजे वाढलं. आईने माझ्याकडे बघितलं, यांना फिया भरून हे शिकवतात का अशा नजरेने.

बाकी मग सेटिंगची कामं. राऊटरचा चॅनल बदलला, आजूबाजूचे सगळे सहावर गर्दी करून बसलेले, आम्ही अकरावर गेलो. एचडी चित्र एक पायरी खाली आणलं, काकूंच्या भुवया दिसल्या नाहीत तरी मला चालणार होतं. आणि आवाजाची पद्धत बदलून जी सातशे अकरा नावाची केली, सेकंदाला फक्त ८००० नमुने, जुन्या टेलिफोनची पद्धत. मी विचारलं हे कधीचं आहे, भाच्याने बघून सांगितलं, १९७२.

"बहात्तरचं?" आई एकदम म्हणाली. तिचं लग्न बहात्तरच्या दुष्काळातलं, माहेर आटपाडीकडचं, वऱ्हाडाला प्यायला पाणी बैलगाडीतून आणलेलं. सुकडीची चव ती अजून सांगते. "मग टिकंल," म्हणाली, "त्या सालचं जे टिकलं ते टिकलं."

मी पोर्चमध्ये उभा राहून हाताने टाळी वाजवली, भाचा आत मोबाईलला कान लावून. अर्धा सेकंद! परत वाजवली. अर्धाच. मी इतक्या टाळ्या वाजवल्या की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. त्यांच्याकडे बघून हसलो, त्या आत गेल्या. ते सेटिंग अजून सापडलेलं नाही.

रविवारी रात्री पुण्याला पोचलो आणि आधी कॅमेरा उघडला. आई पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलेली. पातळाचा सळसळ आवाज, रातकिडे, लांबून एका गाडीचा हॉर्न, सगळं जिथल्या तिथे. बटण दाबून म्हणालो, "आई, पोचलो. तू जेवलीस का?"

तिने मान वर केली, म्हणजे तिला लगेच ऐकू गेलं होतं. पण बोलली नाही. मला वाटलं परत गेला आवाज, बोंबला, परत एसटी. मग बघितलं तर हातात माळ होती आणि मणी सरकत होते. एक, दोन, तीन.

सात झाल्यावर म्हणाली, "जेवले."