गाव कोयनेत गेलं, नोंदी कुठे गेल्या?
कोयना धरणात आमचं गाव गेलं. माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली. आता पणजोबांची नोंद मागायला जावं, तर हा तालुका म्हणतो तिकडे जा, तो म्हणतो मूळ गावी विचारा. अहो, मूळ गावावर शिवसागराचं पाणी आहे! चुकूनमाकून कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं जुनं पुस्तक, सापडलंच, तर ते मोडी लिपीत. कचेरीत वाचणारं कुणी नाही. पान उलटावं तर कडेचा तुकडा हातात येतो, आणि नेमकं त्याच तुकड्यावर कुणाच्यातरी बापाचं नाव असतं. संताप येतो नुसता! गठ्ठे सुतळीने आवळायचे आणि वाळवीच्या हवाली करायचे, हे कसलं जतन? स्कॅन करून ठेवायला कुणी हात धरलेत का तुमचे?