डॉक बॉग्ज 'सापडला', तेव्हा तो घरीच होता

आपल्याकडे बेंजो म्हटलं की गणपतीची मिरवणूक, नाहीतर कोळीवाड्यातली हळद. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. त्याचं खरं नाव बुलबुलतरंग, मूळ जपानी. अमेरिकेतला बँजो वेगळा. डफाला लांब दांडी लावून वर तारा ताणल्या तर कसं दिसेल, तसा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी हे वाद्य तिकडे घडवलं, सुरुवातीला भोपळ्यावर कातडं ताणून. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्येच. ती अंगठ्याने वाजवायची आणि ती आपला एकच सूर धरून बसते, पोवाड्यातल्या तुणतुण्यासारखी.

हे सगळं सांगायचं कारण डॉक बॉग्ज, अमेरिकेतला एक बँजोवादक गायक. गेले दोन महिने माझ्या कानात हाच माणूस आहे.

जन्म १८९८, व्हर्जिनियातल्या नॉर्टनजवळचा. दहा भावंडांत धाकटा. बाराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागला. लहानपणी काळ्या वादकांना ऐकलं आणि ते डोक्यात बसलं. त्या डोंगरात बहुतेक जण नखाने तारेवर खाली फटका मारून वाजवायचे. हा बोटांनी तारा वर उचलून वाजवायला शिकला, एकेक सूर सुटा. तो गातो तेव्हा बँजो मागे साथीला नसतो, गळ्याच्या बरोबरीने तीच चाल चालत असतो. गोऱ्या खाणकामगाराच्या तोंडी ब्लूज, म्हणजे काळ्यांचं दुःखाचं गाणं. गोड नाही हं. पहिल्यांदा ऐकाल तर बंद कराल, मीही केलं होतं.

१९२७ साली रेकॉर्ड कंपनीची माणसं नॉर्टनच्या हॉटेलात गायक पारखायला आली. हा उसना बँजो घेऊन गेला आणि निवडला गेला. न्यूयॉर्कला जाऊन त्या ब्रन्सविक कंपनीसाठी आठ गाणी केली. १९२९ मध्ये एका छोट्या कंपनीसाठी आणखी चार. झाली बारा. मग महामंदी आली. रेकॉर्डला गिऱ्हाईक राहिलं नाही. बायको धार्मिक, तिला ही गाणी पापच वाटायची. बँजो सुटला आणि हा खाणीतच राहिला.

१९५२ मध्ये हॅरी स्मिथ नावाच्या अवलियाने जुन्या रेकॉर्डमधली ८४ गाणी निवडून फोकवेज कंपनीकडून संग्रह काढला. त्यात बॉग्जची दोन. शहरातली कॉलेजची पोरं ती पारायण केल्यासारखी ऐकत बसली. ज्याचा आवाज ते ऐकत होते तो माणूस हयात आहे की नाही, हेही बहुतेकांना ठाऊक नसावं.

१९६३ मध्ये माइक सीगर हा संगीतकार शोधत शोधत त्याच्या दारात पोचला. बॉग्ज निवृत्त झाला होता आणि नुकताच पुन्हा बँजो वाजवायला लागला होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांसमोर बसून गायला. मग फोकवेजच्या रेकॉर्डी, दौरे, मुलाखती. १९७१ मध्ये, त्र्याहत्तराव्या वाढदिवसालाच गेला.

या सगळ्याला तिकडे 'पुनर्शोध' म्हणतात, आणि माझं भांडण या शब्दाशी आहे. सीगरशी नाही, त्याने आस्थेने केलं, गाण्यांबरोबर त्या माणसाचं बोलणंही टेप करून ठेवलं. पण बॉग्ज हरवला कुठे होता? त्याच डोंगरात होता, खाणीत जात होता, रविवारी चर्चला. ऐकणारे दुसरीकडे गेले होते. 'खरी कला कधी मरत नाही' असं आपण फार सहज म्हणतो. तिशीपासून पासष्टीपर्यंतची वर्षं गेली ना त्याची! हातात सगळ्यात जास्त जोर असतो ती वर्षं. त्या वर्षांतलं त्याचं वाजवणं कोणाकडेच नाही.

माझे एक काका लालबागला गिरणीत होते आणि गणपतीत बेंजो वाजवायचे. १९८२ च्या संपानंतर गावी गेले, बेंजो विकला. त्यांच्याकडे कोणी टेपरेकॉर्डर घेऊन गेलं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्याकडे तर होता.

मे महिन्यात गेलो तेव्हा त्यांना मोबाइलवर बॉग्ज लावून दिला. फोटो बघून म्हणाले, "हा कुठला बेंजो! बटणं कुठायत?" गाणं संपेपर्यंत गप्प बसले. मी फोन घ्यायला हात पुढे केला तर दिला नाही.

"अजून हायत काय याची?"

"आहेत. बारा तरुणपणची. बाकी सगळी पासष्टीनंतरची."

"मग ती तरुणपणची लाव."