‘शेअर्ड होस्टिंग घेऊच नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, निपाणी, खानापूर, संकेश्वर इथल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मला तो सात-आठ जणांनी पाठवला. त्यात शहापूरचे एक साडीवाले आहेत, उद्यमबागेतले एक फाउंड्रीवाले आहेत आणि तालुक्यातल्या एका गावच्या साहित्य संमेलनाचे कार्यवाह आहेत. तिघांचाही प्रश्न एकच: “काय ओ, आमचं होस्टिंग बदलायचं काय?” होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या सतत चालू असलेल्या कॉम्प्युटरवर, भाड्याने घेतलेली जागा.

मेसेजचा सारांश असा. शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) म्हणजे चाळीतली खोली, व्हीपीएस (सर्व्हरचा वेगळा केलेला वाटा) म्हणजे फ्लॅट, डेडिकेटेड (अख्खा सर्व्हर एकाचाच) म्हणजे बंगला. शेअर्डवर एकाची साइट हॅक झाली की सगळ्यांची जाते. शेअर्ड आयपीवरच्या, म्हणजे एकाच इंटरनेट पत्त्यावर असलेल्या, साइट गूगल मागे टाकतं. शेअर्डवरची साइट स्लोच चालते. व्हीपीएस घेतलं की सर्व्हरही आपला आणि सुरक्षितताही आपल्या हातात. दिवसाला हजार लोक येत असतील तर डेडिकेटेडशिवाय पर्याय नाही. आणि सर्व्हर भारताबाहेर असेल तर कायदा मोडतो.

मी या भागात पंधरा वर्षं वेबसाइट करून देतो. या मेसेजमधलं थोडं जुन्या काळी खरं होतं, थोडं अर्धं खरं आहे आणि बाकीचं चूक आहे. त्यापायी ओळखीच्या माणसांचे पैसे गेलेले मी बघितलेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी गूगलचं बघू, कारण त्याचीच भीती लोकांना जास्त वाटते. एका आयपीवर अनेक साइट असणं ही इंटरनेटची रोजची रीत आहे. ब्राउझर सर्व्हरकडे जातो तेव्हा आपल्याला कुठली साइट हवी तिचं नाव सांगतो. 1997 च्या एचटीटीपी 1.1 पासून हे नाव सांगणं सक्तीचं आहे. कुलपाच्या चिन्हाचं, म्हणजे एसएसएलचंही तसंच, तिथे हे काम एसएनआय नावाची सोय करते. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात मिळून जेमतेम 429 कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून संपला. प्रत्येक दुकानाला स्वतंत्र पत्ता मिळणार कुठून? क्लाउडफ्लेअरसारख्या सेवांमागे तर असंख्य साइट मोजक्या पत्त्यांवर उभ्या आहेत आणि त्या गूगलमध्ये व्यवस्थित दिसतात.

शेजारी वाईट असला तर त्रास होतो तो ईमेलला. त्याच आयपीवरून कुणी स्पॅम पाठवलं की पत्ता काळ्या यादीत जातो आणि तुमचं कोटेशन पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडतं. पण त्यासाठी सर्व्हर बदलायची गरज नाही. मेल वेगळ्या सेवेवर ठेवा, डोमेनला (साइटच्या नावाला) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या नोंदी, नीट लावून घ्या. उलट नव्या व्हीपीएसला मिळणारा आयपी बऱ्याचदा आधी दुसऱ्या कुणीतरी वापरून सोडलेला असतो आणि त्याची बदनामी तुमच्या गळ्यात पडू शकते.

एकाची हॅक झाली की सगळ्यांची जाते, ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. पूर्वी बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर सगळ्यांचा पीएचपी (साइटचे प्रोग्रॅम ज्या भाषेत चालतात ती) एकाच युजरच्या नावाने चालायचा, त्यामुळे एका खात्यात घुसलेला माणूस शेजाऱ्याच्या फाइली वाचू शकायचा. 2010 मध्ये शेअर्ड सर्व्हरसाठी बनवलेलं क्लाउडलिनक्स हे सॉफ्टवेअर आलं. त्याच्या केजएफएस या सोयीत प्रत्येक खातं स्वतःच्या पिंजऱ्यात राहतं, आणि सीपीयू-मेमरीची मर्यादाही खात्यागणिक ठरते. होस्टिंग घेताना विचारा, “खाती वेगळी ठेवायला काय वापरता?” नीट उत्तर देता आलं नाही तर ते होस्टिंग सोडून द्या. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या हॅक झालेल्या साइटींत कारण जवळपास नेहमी घरचंच निघालं: वर्षानुवर्षं अपडेट न केलेलं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम), फुकटात उतरवलेली चोरीची थीम, नाहीतर दुकानाचं नाव आणि पुढे 123 असा पासवर्ड. या गोष्टी व्हीपीएसवर नेल्या तरी तशाच उघड्या राहतात.

आता ‘व्हीपीएस म्हणजे सुरक्षितता आपल्या हातात’ हा मुद्दा. आपल्या हातात येते हे खरं, पण हात कुणाचा? शहापूरच्या साडीवाल्यांना कुणीतरी असंच सांगितलं आणि एका हुशार पोराने एक जीबी रॅमचं स्वस्त, अनमॅनेज्ड, म्हणजे देखभाल आपणच करायची असं व्हीपीएस लावून दिलं. काम त्याने चांगलं केलं होतं. पुढे त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. गेल्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गिऱ्हाइकं साड्यांचे फोटो बघायला साइटवर येऊ लागली आणि साइट पांढरी झाली. स्क्रीनवर एकच ओळ: डेटाबेसशी जोडणी होत नाही. कंपनीला फोन केला तर त्यांनी सांगितलं की मशीन चालू आहे, आतलं तुम्ही बघायचं. करारात तसंच लिहिलेलं होतं. रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड त्या पोराच्या जुन्या मोबाइलमध्ये होता. दोन दिवस साइट बंद राहिली.

शेवटी कंपनीच्या कन्सोलमधून (ब्राउझरमधून सर्व्हर उघडायची सोय) आत शिरलो. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, स्पष्ट होतं: मेमरी संपली म्हणून लिनक्सने मायएसक्यूएलच, म्हणजे डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअरच, बंद पाडलं होतं, आणि ते परत चालू करायची काही सोय नव्हती. लॉगिनचा दुसरा लॉग उघडला तर दर काही सेकंदाला कुठल्या कुठल्या देशांतून रूटच्या नावाने चुकीचे पासवर्ड मारून बघणं चाललं होतं. उघड्या सर्व्हरवर हे रात्रंदिवस चालतं. मशीनवर सेंटओएस 7 हे लिनक्स होतं. त्याला नवे अपडेट मिळणं 30 जून 2024 लाच संपलेलं, आणि त्याआधीचेही अपडेट कुणी घातले नव्हते. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, “मला तर वाटत होतं की महिन्याचे पैसे भरले म्हणजे हे सगळं तेच करतात.” त्यांची काही चूक नव्हती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मेसेजमधल्या फ्लॅटच्या दाखल्यातही गफलत आहे. व्हीपीएससुद्धा एका मोठ्या मशीनचाच भाग असतो. केव्हीएमसारखी प्रणाली त्याच्या वाटण्या करते आणि काही विक्रेते मशीनच्या ताकदीपेक्षा जास्त वाटण्या विकतात. सर्व्हरवर टॉप ही आज्ञा चालवून ‘एसटी’ नावाचा आकडा बघा. तो सतत चढा असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ शेजाऱ्यांकडे जातोय. आणि बंगला म्हटलं तर तिथली विहीर, मोटर, कंपाउंड सगळं आपणच बघायचं.

शेअर्ड स्लोच असतं का? संमेलनाच्या साइटचं उदाहरण देतो. कार्यवाह म्हणाले, पान उघडायला मिनिट लागतं, व्हीपीएसला वर्गणीतून किती घालायचे ते सांगा. मी क्रोममध्ये एफ 12 दाबून नेटवर्कचा भाग उघडला आणि पान पुन्हा आणलं. पहिल्या ओळीवर सर्व्हरने उत्तर द्यायला घेतलेला वेळ दिसतो. तो होता अर्धा सेकंद. गूगलच्या मार्गदर्शनात 0.8 सेकंदापर्यंतचा वेळ चांगला धरतात. म्हणजे सर्व्हर आपलं काम करत होता. खाली मात्र ग्रंथदिंडीचे चौदा फोटो, मोबाइलमधून जसेच्या तसे टाकलेले, प्रत्येकी पाच एमबीचे. सत्तर एमबी! व्हीपीएसवर नेले असते तरी ते सत्तरच राहिले असते. फोटो 1200 पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये घातले आणि सगळं पान दीड एमबीच्या आसपास आलं. जाता जाता निमंत्रितांच्या कविताही युनिकोडमध्ये टाकून घेतल्या. त्या श्रीलिपीत टाइप केलेल्या असल्यामुळे आतापर्यंत चित्र म्हणून चिकटवलेल्या होत्या, आणि गूगलला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. सीमाभागातली आपली संमेलनं इतक्या कष्टाने उभी राहतात, त्यांचं लिखाण शोधून सापडलं पाहिजे.

वर्गणीतला एक रुपयाही सर्व्हरवर गेला नाही.

सर्व्हरचा पहिला वेळच दीड-दोन सेकंदांवर जात असेल तर मात्र होस्टिंगकडे संशयाने बघा. पण त्याआधी कॅशिंग (एकदा तयार केलेलं पान साठवून पुन्हा तेच देणं) चालू आहे का, पीएचपी कुठल्या जमान्यातलं आहे, हे तपासा.

दिवसाला हजार माणसं म्हणजे किती? प्रत्येकाने पाच पानं बघितली तर पाच हजार पानं. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे सतरा सेकंदांना एक पान. त्यातली निम्मी पानं संध्याकाळच्या दोन तासांत उघडली असं धरलं तरी तीन सेकंदांना एक. कॅश लावलेलं चांगलं शेअर्ड होस्टिंग हे न दमता पेलतं. शेअर्डवाल्यांची ‘अनलिमिटेड’ ही जाहिरातही खरी नाही, हे जाता जाता सांगतो. फाइलींची संख्या आणि एकाच वेळी चालणारे प्रोसेस यांना मर्यादा असतातच, त्या लेखी मागून घ्या. पहिल्या वर्षाचा भाव न बघता नूतनीकरणाचा भाव बघा, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरा.

डेडिकेटेड घेतलं की निर्धास्त, असं समजणाऱ्यांनी 10 मार्च 2021 आठवावा. त्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत पूर्ण जळालं. अख्खं मशीन स्वतःसाठी घेतलेल्यांतसुद्धा ज्यांचा बॅकअप दुसरीकडे नव्हता त्यांचा डेटा कायमचा गेला.

भारतातल्या सर्व्हरचा मुद्दा अर्धा खरा आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बेळगाव ते मुंबई पाचशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद, प्रत्यक्षात वळणावळणाने काही पटीने जास्त. अमेरिकेतल्या सर्व्हरला हाच फेरा दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातो, आणि एका पानासाठी असे अनेक फेरे होतात. म्हणून आपलं गिऱ्हाईक इथलं असेल तर मुंबईतला सर्व्हर घ्याच. पण कायद्याची भीती घालू नका. रिझर्व्ह बँकेचा 6 एप्रिल 2018 चा आदेश पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्यांसाठी आहे. पेमेंट गेटवे लावून साडी विकणारं दुकान त्यात येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही सरकारने मनाई केलेले देश सोडून बाहेर डेटा न्यायला मुभा आहे.

फाउंड्रीवाल्यांना मात्र मी व्हीपीएसच घ्यायला सांगितलं. त्यांना गिऱ्हाइकाला हीट नंबर (एका वेळी वितळवून ओतलेल्या धातूचा क्रमांक) टाकून आपली ऑर्डर कुठे आहे ते दाखवायचं आहे: कास्टिंग, फेटलिंग, मशिनिंग की डिस्पॅच. त्यासाठी त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम चोवीस तास मागे चालू राहायला हवा आणि शॉपफ्लोअरवरून नोंदी सतत यायला हव्यात. शेअर्डवर सहसा असं काही चालवू देत नाहीत. चार जीबी रॅम, मुंबईचा सर्व्हर, आणि मॅनेज्ड, म्हणजे अपडेट, फायरवॉल आणि रात्रीची देखरेख कंपनीकडे. महिन्याला पैसे जास्त जातात, पण त्यांच्याकडे रात्री उठून सर्व्हर बघणारा माणूस नाही आणि त्यांनी तो ठेवूही नये. डेडिकेटेडची वेळ याच्या खूप पुढे येते, मोठा भार दिवसरात्र सारखा असतो तेव्हा. आपल्या भागात अशी गरज असलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

शहापूरचं दुकान परत शेअर्डवर आणलं. वर्षाला जे वाचतं त्यातून त्यांनी फोटो नीट काढून घेतले. दर रविवारी रात्री बॅकअप होस्टिंगच्या बाहेर, त्यांच्याच ड्राइव्हवर जातो. सगळे पासवर्ड वहीत लिहून ती वही गल्ल्यात ठेवली आहे. महिन्यातून एकदा त्यांच्या सूनबाई तो बॅकअप एका चाचणीच्या पत्त्यावर उघडून बघतात. परवा त्यांचा फोन आला होता: “दादा, उघडला. सगळ्या साड्या आहेत, नऊवारीसुद्धा.”