कौलं उचलून बघायची हौस आहे? मग हे वाचा

तुम्ही गिरगावात, लालबागला नाहीतर दादरला जुन्या चाळीत वरच्या माळ्यावर राहत असाल, डोक्यावर मंगलोरी कौलं असतील आणि त्यांच्याखाली लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, तर तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच. लोक पस्तिसाव्या मजल्यासाठी कोटी मोजतात आणि शेवटी त्यांच्या डोक्यावर छत्तिसाव्या मजल्याचं बाथरूमच असतं. तुमच्या डोक्यावर थेट आभाळ. जून ते सप्टेंबर तर जरा जास्तच थेट.

तर पहिला सल्ला, वर बघू नका. फळी काळी पडलेली दिसली तर म्हणायचं धुराने झाली असेल, पूर्वी स्टोव्ह होते ना. फळीतून भुसा पडायला लागला तर पीओपीचं सिलिंग करून घ्या, मध्ये गोल कापून निळे एलईडी लावा, भुसा सिलिंगवर पडेल तुमच्या आमटीत नाही आणि वाळवीला पण जरा प्रायव्हसी मिळेल. आमच्या शेजारच्या काकांनी असंच केलं, सात वर्षं सुखात काढली बिचाऱ्यांनी.

दुसरं म्हणजे निळी ताडपत्री. ही पाहिजेच. आता लाकूड भिजल्याने मरत नाही हो, ते ओलं राहिलं की मरतं. कौलांच्या फटीतून वारा खेळायचा म्हणून आजोबांच्या वेळची फळी पावसाळ्यात कितीही भिजली तरी ऑक्टोबर हीटमध्ये कडकडीत वाळायची, हे तुम्हाला होऊ द्यायचं नाहीये. कौलांवर ताडपत्री टाका, वर विटा ठेवा, त्या विटांनी दोन कौलं फुटली तर त्यावर आणखी एक ताडपत्री, आणि दिवाळी आली तरी काढू नका कारण पुढच्या वर्षी परत चढवायला माणूस ५०० रुपये मागतो. आतल्या आत फळी छान उकडून निघते, अळूवडी कशी मऊ होते तशी. शिवाय इंटरनेटवाल्या पोरांना कौलांवरून चालत वायर ओढू द्या, अडवू नका, प्रगती आहे.

घरमालकाचं भाडं गोळा करणाऱ्या मुनीमजींना सांगून बघितलं असेल तर तेही म्हणतील की २६ जुलैच्या पावसात पण ही चाळ गळली नव्हती. बरोबर आहे त्यांचं. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४, म्हणजे आपल्या बाजूला मेलं गळायला काही आलंच नव्हतं. पण हे त्यांना सांगत बसू नका, आपल्यालाच हिस्टरीचा भारी नाद आहे असं म्हणतात.

एवढं करूनही एखाद्या रात्री गादीवर धार लागली आणि कॉन्ट्रॅक्टरला बोलवावंच लागलं तर त्याचं कोटेशन नीट वाचू नका, फक्त खालचा आकडा बघा. आमच्या माळ्यावर आठ खोल्या, एकूण छप्पर धरा १८०० स्क्वेअर फूट, आकडा आला २ लाख ८० हजार म्हणजे खोलीमागे ३५ हजार. सगळे खूश. गॅलरीत चहा झाला. त्या कागदावर चौथ्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं "खराब फळ्या बदलणे, आवश्यकतेनुसार, दर वेगळा". या आवश्यकतेनुसार शब्दाइतका महाग शब्द मराठीत दुसरा नसेल, मी तरी पाहिलेला नाही.

कारण काय आहे, कौलं उतरवल्याशिवाय खालची फळी कशी आहे ते कोणालाच दिसत नाही, कॉन्ट्रॅक्टरला पण नाही, आणि कौलं उतरवली की मग तुमच्याकडे नाही म्हणायची सोयच उरत नाही. उघड्या छपराखाली उभं राहून भाव करता येत नाही. म्हणून काम नेहमी जूनच्या पहिल्या आठवड्यात काढा, मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे घासाघीस करायला अगदी मोजके दिवस मिळतात आणि त्यातले दोन दिवस मजूर गावाला गेल्यात जातात.

कौलं मात्र ठणठणीत निघाली, हे सांगायला पाहिजे. बासेल मिशनची, पाठीवर १८६५ छापलेलं. आता ते साल कारखाना निघाला तेव्हाचं, कौल भाजलं तेव्हाचं नाही, पण आमच्या माळ्यावरचे एक भाऊ तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरतायत की आपली चाळ १८६५ ची आहे, हेरिटेज आहे, बिल्डरने डबल एरिया द्यायला पाहिजे.

मग सुतार वर चढला. त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला, फळीवर टेकवला, दाबला पण नाही नीट आणि तो शिऱ्यात चमचा जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला चॉकलेटी लगदा. त्याने तो बोटांनी चोळला, वास घेतला आणि खाली आमच्याकडे बघून फक्त मान हलवली, डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन हलवतात तशी. मीटर तिथेच चालू झालं. हजार स्क्वेअर फूट फळी बदलायची, २९० च्या भावाने २ लाख ९० हजार. परांची वाढवायला ५४ हजार. मलबा उचलायला २४ हजार. आधीचे २ लाख ८० हजार धरून झाले ६ लाख ४८ हजार, खोलीमागे ८१ हजार. मी विचारलं सागवान लावणार ना, तर हसला. एक घनफूट लाकडातून इंचभर जाडीची फळी निघते १२ स्क्वेअर फूट, ती पण तासकाम आणि तुकडे वाया जायच्या आधी, सागाचा घनफुटाचा आजचा भाव त्याला लावा म्हणाला आणि मग बोला. आम्ही लावला. मग आम्ही पाईनवूड बोललो.

आता मलब्याबद्दल. इथे अजिबात लक्ष घालू नका, घाण काम आहे ते. फळ्या कुजल्या होत्या पण खालचे काही वासे चांगले होते, जुना बर्मा साग, करवत लावली की अजून वास येतो. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला हे पण कमकुवत झालंय, काढून टाकू, आणि आम्ही त्याला २४ हजार देऊन ते घेऊन जायला सांगितलं. टेम्पो भरताना फळ्यांचा चुरा गोणीत आणि वासे मात्र गोणपाटात गुंडाळून, एकाखाली एक, हळू रे हळू रे करत. रे रोडला जुन्या लाकडाच्या वखारी आहेत हे मला माहीत होतं, मी तिथूनच एकदा पाट करून घेतलाय. तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला पण सुचू देऊ नका, सुचलं की झोप लागत नाही.

खालच्या माळ्यांकडून वर्गणीची अपेक्षा जरूर ठेवा, अपेक्षेला पैसे पडत नाहीत. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या छप्पर तुमच्या डोक्यावर आहे, आमच्या डोक्यावर तुम्ही आहात, तुमचं काय करायचं ते आधी सांगा. दुसरे म्हणाले कशाला खर्च करताय, रिडेव्हलपमेंट येतंय. हे मी शाळेत असल्यापासून येतंय. १९४० च्या आधीची चाळ, म्हणजे सेसमध्ये, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीच्या करात, अ वर्ग, सेस आपण भरतोच, तेव्हा म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करूया असं दर मीटिंगला ठरतं आणि दर वेळी कोणीतरी म्हणतं की दुरुस्ती झाली तर बिल्डर येणार नाही, मग अर्जाचा मसुदा परत त्याच फाईलमध्ये जातो. तिला पण वाळवी लागलीय, ते जाऊ दे.

आणि पैसे गेले म्हणून घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम १४, दुरुस्ती घरमालकाने करायची. त्याने नाही केली तर किमान १५ दिवसांची नोटीस द्या, वाजवी वेळ थांबा, मग स्वतः करा आणि खर्च भाड्यातून कापून घ्या. फक्त एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त कापायचा नाही. माझं भाडं महिन्याला ९० रुपये. वर्षाचे १०८०, पाव हिस्सा २७०. ८१ हजार भागिले २७०, बरोब्बर ३०० वर्षं, व्याज सोडून. म्हणजे माझा नातू, त्याचा नातू असं करत कोणीतरी शेवटचा हप्ता वळता करेलच, आणि तोपर्यंत रिडेव्हलपमेंट येतंयच.

हां, वसूल करायला खर्चाचा पुरावा लागतो. आम्हाला कॉन्ट्रॅक्टरने विचारलं होतं पक्कं बिल पाहिजे की कच्चं, पक्क्याला १८ टक्के जीएसटी वर, तेव्हा आठही खोल्यांनी एका सुरात कच्चं सांगितलं होतं. इतकं एकमत आमच्यात होळीच्या वर्गणीला पण झालेलं नाही. त्यामुळे माझ्याकडे पुरावा म्हणजे लग्नपत्रिकेच्या मागे बॉलपेनने लिहिलेला हिशोब, खाली सही, तीही वाचता येत नाही.

तरी मी तो घेऊन गेलो. मुनीमजींनी चष्मा लावला, पत्रिका आधी पुढून वाचली, लग्न कोणाचं विचारलं, मग मागून वाचली. काही बोलले नाहीत. मी १०८० मधून २७० वजा करून ८१० द्यायचे म्हणून ५०० च्या दोन नोटा पुढे केल्या. त्यांनी गल्ला उघडला, बंद केला, म्हणाले १९० सुट्टे नाहीत, वरचे ८० असतील तर द्या, पूर्ण वर्षाची पावती फाडतो, कापायचं पुढच्या वर्षी बघू.

८० होते माझ्याकडे.